आधी बंद पडलेलं मशीन घे

पोरी,

तुझ्या सिनेमाच्या प्रोजेक्टरसाठी सुटे भाग मागवायची यादी वाचली. दिवा एकाकडून, पट्टा दुसऱ्याकडून, रिकामं रील तिसऱ्याकडून आणि लेन्स थेट परदेशातून. रागावू नकोस, पण ती यादी फाडून टाक. तुझ्या बेल अँड हॉवेल प्रोजेक्टरच्याच मॉडेलचं एक अख्खं, बंद पडलेलं मशीन आधी शोध.

न्यू जर्सीच्या मामाने पाठवलेलं मशीन तू ट्रान्सफॉर्मरवर लावलंस. गाणं जाडं, ओढल्यासारखं येतंय म्हणून आता ॲम्प्लिफायरच्या मागे लागली आहेस. अगं, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल नाही! तिकडची वीज सेकंदाला ६० सायकलची (हर्ट्झची), आपली ५०; मोटरचा वेग त्यावरच ठरतो. त्या मोटरवर सेकंदाला २४ ऐवजी २० च फ्रेम जातात, मग गाणं रडणारच. तुला हवी आहे ५० सायकलची पुली, म्हणजे मोटर हळू फिरली तरी मशीन २४ फ्रेमांवर चालवणारी पट्ट्याची चाकी. ती सुटी कोण विकतंय? इथेच आयुष्य काढलेल्या मशीनच्या पोटात मात्र ती आयती बसलेली असते. म्हणून म्हणतो, बंद मशीन घे.

तू विचारशील, त्यातला नायलॉनचा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, तोही तडकलेलाच निघाला तर? निघेलच. या मशीनांचा तो वयोमानाने तडकतोच. गिअर नवाच घ्यायचा, दिवाही नवाच, जुन्यावरचा कोड आणि व्होल्ट-वॉट वाचून. पण गिअर उतरवायचा कसा, उजेड झाकणारं शटर आणि फिल्म ओढणारा क्लॉ यांचा मेळ पुन्हा कसा बसवायचा, हे कुणावर शिकणार? मामाच्या मशीनवर? हात मेलेल्यावर बसव, मग जिवंताला लाव.

लेन्सचं तुझं दुखणं खरं आहे. ५० मिमीच्या लेन्सने १० फुटांवरून जेमतेम २ फूट रुंद चित्र पडतं. पण ती हौस नंतर.

एके काळी गणपतीत गल्लीत आडवा पडदा बांधून १६ मिमीचे सिनेमे लागायचे, लोक पडद्याच्या दोन्ही अंगांना बसायचे. ती मशीनं गेली कुठे? काही मंडळांच्या माळ्यांवर आहेत, काही शाळांच्या कपाटांत. तिथे विचार. व्हिडिओ आला तेव्हा माझ्यासमोर कितीतरी किलोच्या भावाने भंगारात गेली. माझा पगार तो केवढा! जी आणता आली ती आणली. आमच्या घरात त्यांना मुडदे म्हणतात. पलंगाखाली मुडदे, माळ्यावर मुडदे. म्हणू देत. रीलच्या दांड्याचा एक स्क्रू अडला की गावभरचे लोक त्याच मुडद्यांना शोधत येतात, तेव्हा चहा कोण करतं ते विचार आमच्या सौभाग्यवतींना.

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाशील तेव्हा ‘चालू आहे का’ असं विचारू नकोस, तेवढ्यावर भाव चढतो. दार उघडून, फिल्म जिथून सरकते त्या गेटवर बोट फिरव. गंजाचा खरखरीतपणा लागला तर सोड. लेन्स उजेडाकडे धरून बुरशीची जाळी बघ. मोटरवरची पाटी वाच, ५० सायकल लिहिलेलं हवं. आणि पैसे द्यायच्या आधी त्या पाटीचा फोटो मला पाठव, नंतर नको.

तुझा,
काका