उजव्या गुडघ्यात दोरी आहे, डाव्यात नाही

सुदामानगरच्या ताई, तुमचा प्रश्न असा: आई ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे पार झिजलेत, आता ऑपरेशन करून बदलायचे आहेत. एक सर्जन म्हणतात मागचं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी दोरी, ठेवू, दुसरे म्हणतात मी सरसकट काढतो. मग खरं कोणाचं?

दोघांचंही. हे टोलवाटोलवीचं उत्तर नाही. मी इथेच लोकमान्यनगरात राहते आणि माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. उजव्यात ते लिगामेंट जागेवर आहे, डाव्यात काढलंय. सर्जन मात्र एकच.

आधी एक गैरसमज काढते. लिगामेंट काढणार म्हटलं की घरच्यांना वाटतं, गुडघा लुळा पडणार. तसं नाही. बाजूची दोन लिगामेंट, आतलं आणि बाहेरचं, दोन्ही पद्धतींत ठेवतात. गुडघा डावी-उजवीकडे लचकत नाही तो त्यांच्यामुळे. मध्ये फुलीसारखी दोन असतात. त्यातलं पुढचं, एसीएल, नेहमीच्या ऑपरेशनात दोन्ही पद्धतींत जातंच. म्हणजे वाद उरतो एकट्या मागच्याचा, पीसीएलचा.

हे पीसीएल नडगीला मागे सरकू देत नाही. गुडघा वाकवला की मांडीचं हाड नडगीवर थोडं मागे घरंगळतं, त्यातही त्याचा हात असतो. तेवढं मागे गेलं नाही तर वाकणं मध्येच अडतं. ते काढलं तर हे काम बसवलेल्या कृत्रिम सांध्यानेच करायला हवं. म्हणून त्या डिझाइनमध्ये, ज्याला पीएस म्हणतात, नडगीवर बसवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याला मधोमध एक खुंटी असते. मांडीच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या भागाला आडवा दांडा असतो. गुडघा बराच वाकला की दांडा खुंटीला टेकतो आणि हाड मागे ढकललं जातं. खुंटीला जागा हवी म्हणून मांडीच्या हाडातून मधला थोडा चौकोन जास्त कापावा लागतो. लिगामेंट ठेवायच्या, म्हणजे सीआर पद्धतीत ते हाड वाचतं.

आता माझ्या डाव्याचं. तो पाय जास्त धनुष्यासारखा झाला होता आणि पूर्ण सरळही होत नव्हता. सर्जननी दुसऱ्या दिवशी राउंडला सांगितलं, "ट्रायलचा, म्हणजे मापाचा तात्पुरता सांधा लावून गुडघा वाकवला तर नडगीवरचा तुकडा पुढून उचलला जात होता. पीसीएल फार आखडलेलं. थोडं सैल करून पाहिलं, जमेना, काढलं." आखडलेलं तसंच ठेवलं असतं तर गुडघा नीट वाकला नसता आणि प्लास्टिकवर भलता दाब आला असता. उलट, ठेवलेलं लिगामेंट पुढे सैल पडलं किंवा तुटलं तर वाकलेला गुडघा डगमगतो. सीआरचा धोका तो. पीएसमध्ये खुंटी झिजू शकते, क्वचित मोडतेही. संधिवाताच्या (आमवाताच्या) रुग्णांत आणि फार वाकड्या पायांत बरेच सर्जन पीएसकडे झुकतात. लिगामेंट काढून खुंटीऐवजी खोलगट प्लास्टिक बसवायची तिसरी वाटही आहे.

फरक कळतो का? रात्री घर शांत असताना जिना चढले की डाव्यातून कधीमधी 'टक' येतं, उजव्यातून कमी. दुखत नाही. फिजिओ म्हणाली, धातू-प्लास्टिक आहे, वाजणारच. बाकी देवासच्या टेकरीवर दोन्ही गुडघे सारखेच कुरकुरतात. २०१३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा आढावा घेतला होता: लिगामेंट काढलेल्यांचा गुडघा सरासरी दोन-अडीच अंश जास्त वाकला, पण रोजच्या वापरात लक्षात यावा असा फरक दिसला नाही. अडीच अंशांत काय होतं, चहाचा कप उचलताना मनगट तेवढं वळतं.

त्यामुळे 'आम्ही लिगामेंट वाचवतो' ही जाहिरात वाचून हॉस्पिटल निवडू नका. लिगामेंट ठेवतो म्हणून सांधा महाग, असं कोणी म्हटलं तर लेखी दर मागा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने सांध्यांच्या किमती बांधल्या. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या गुडघ्याच्या पूर्ण सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी होता.

दोन्ही सर्जनना एवढंच विचारा: तुमचा हात कशावर बसलाय? आणि ऑपरेशन चालू असताना बेत बदलावा लागला तर दुसरा सांधा त्याच टेबलाशेजारी हजर असेल का? जो दुसऱ्या प्रश्नावर चिडेल त्याच्याकडे मी तरी आईला नेणार नाही.

आणि हो, आईंना एवढं आधीच सांगून ठेवा: मांडी घालून पंगतीत बसणं मला दोन्ही गुडघ्यांनी परत दिलेलं नाही. आमच्याकडे गणपतीच्या आरतीला माझी खुर्ची कायमची ठरलेली, आणि प्रसादाचं ताट नातवंडं तिथेच आणून देतात.