ठिणग्यांनी काच खराब झाली, मालकांना सांगू का?

प्रश्न: काका, मी फॅब्रिकेशनची कामं घेतो. परवा एका घरी गॅलरीचं ग्रिल जागेवरच कापावं लागलं, बाजूला सरकत्या खिडकीची मोठी काच होती आणि घाईत मी ती झाकलीच नाही. संध्याकाळी पुसायला गेलो तर बोटाला खरखर लागली, बारीक काळे ठिपके, कापडाने निघेनात. घरमालकांच्या अजून लक्षात आलेलं नाही. हेल्पर म्हणतो गप्प बस, आधी पेमेंट होऊ दे. काय करू?

उत्तर: आजच जाऊन सांगा, फोनवर नको. ग्रायंडरची ठिणगी म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा कण, तो काचेवर आपटला की तिथेच रुतून बसतो, आणि पाऊस-दमट हवा लागली की त्याला गंज चढतो म्हणजे आज जे काळे ठिपके आहेत ते उद्या तांबूस दिसणार. तुम्ही पैसे घेऊन गेलात आणि मग ते त्यांना दिसलं तर काचेचा विषय बाजूलाच राहील, तुम्हाला माहीत होतं का एवढंच ते विचारतील, आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल.

आणि एक, सांगायच्या आधी तिथे काहीही करू नका हो! ब्लेडने खरवडलंत तर कण निघेलही, पण खड्डा राहतो आणि वर चरे पडतात. अ‍ॅसिड लावलंत तर अ‍ॅल्युमिनियमची चौकट खराब होईल. पॉलिशने हलके चरे जातात, पण खड्डे घालवायला काच इतकी घासावी लागते की त्या जागी बाहेरचं वेडंवाकडं दिसायला लागतं. मी स्वतः उमेदीच्या काळात एकाच्या बेसिनमध्ये पाना पाडला होता, टवका उडाला, तो मी पांढऱ्या सिमेंटने बुजवला आणि वर म्हटलं चला, कळणार नाही. तिसऱ्या दिवशी सिमेंट निघालं. बेसिन तर भरून द्यावं लागलंच, पण त्या घरी परत पाऊल ठेवता आलं नाही, त्याची लाज अजून वाटते.

बोलताना सुरुवात सरळ करा. "तुमच्या खिडकीची काच माझ्याकडून खराब झाली, मी झाकायला हवी होती, चला दाखवतो." जागा अडचणीची होती, काच जुनीच होती, हेल्पर नवा आहे, हे काही काढू नका, त्याच्या मजुरीतूनही कापू नका. काम तुमच्या नावावर घेतलंय ना?

काच कोणाकडून बदलायची ते त्यांनाच विचारा. काहींना त्यांचा ओळखीचा माणूस हवा असतो, मग त्याचं बिल तुम्ही द्या. माप घेताना जाडी आणि रंगाची छटा नीट बघा, आणि काच टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली असेल तर ती तयार झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं की दुसरी काच. एकाच खिडकीत दोन छटा दिसल्या तर ते पुन्हा तुमच्याच गळ्यात. ठरलेलं दोन ओळींत लिहून मेसेज करून ठेवा.

तुमचा धंद्याचा विमा असेल, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान भरून देणारा, तर थोडं थांबा. काय झालं ते मालकांना सांगायचंच, पण अमुक रक्कम देतो असं कबूल करायच्या आधी विमावाल्यांना फोन करा, कारण त्यांना न विचारता जबाबदारी कबूल केली तर क्लेम अडतो अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते. शिवाय ज्या वस्तूवर तुम्ही प्रत्यक्ष काम करत होतात तिचं नुकसान पुष्कळदा वगळलेलं असतं. इथे काम ग्रिलचं होतं आणि बिघडली शेजारची काच, म्हणून विचारून बघायला हरकत नाही.

पुढच्या वेळी प्लायचा तुकडा नाहीतर पत्रा आडवा लावा. प्लॅस्टिक वितळतं, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि फरशीही झाका, चकचकीत टाइलवर पण हेच ठिपके बसतात.

प्रश्न: मी प्लंबर. जुना नळ काढताना भिंतीतला पाइप आतूनच तुटला. गंजलेला होता, मी जोरही लावला नव्हता. आता भिंत फोडायचा खर्च कोणाचा?

उत्तर: पाना लावायच्या आधी "हा गंजलाय, तुटू शकतो, चालेल का" असं विचारलं होतंत का? विचारलं असेल आणि ते हो म्हणाले असतील तर खर्च त्यांचा. नसेल तर माझ्या मते सामान त्यांचं, मजुरी तुमची, असं बोलून बघा. तुटलेला तुकडा फेकू नका, आतला गंज त्यांना दाखवा, कारण नुसतं सांगून कोणाला पटत नाही. आणि जुन्या नळाला हात लावायच्या आधी मेन व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का ते फिरवून बघत चला, बऱ्याचदा तोच अडकलेला असतो आणि हे कळतं तेव्हा घरात घोट्याएवढं पाणी झालेलं असतं.