नामिबियातला 'बिग डॅडी' सकाळी दहाला चढायला घेतला तर चालेल का?

नका घेऊ. तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात जाताय (तिथे तेव्हा ऐन उन्हाळा असतो), कळसूबाई दरवर्षी चढता आणि हा वाळूचा डोंगर तर जेमतेम ३२५ मीटरचा. हाच हिशोब मी केला होता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे घसारा लागला तरी पाच-दहा मिनिटांत पुन्हा कातळ नाहीतर माती येते. इथे पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा घसाराच. पाऊल रोवलं की निम्मं खाली सरकतं. सपाट वाळूवर चालायलाही कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते, मग हा तर चढ. चालायचं ते धारेवरूनच, पुढच्याच्या पावलांत पाऊल टाकत. धारेच्या वाऱ्याकडच्या बाजूची वाळू जरा घट्ट असते. पलीकडची बाजू साधारण ३३ अंशांची आणि भुसभुशीत, तिथून वर जाण्यात फक्त दम जातो.

आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. बिग डॅडी ज्या नामिब-नौक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याच्या बाहेर मुक्काम होता आणि बाहेरच्यांना सेस्रिएमचं, म्हणजे उद्यानात शिरायचं, फाटक सूर्योदयालाच उघडतं. पुढे ६० किलोमीटर डांबरी रस्ता, मग पाचेक किलोमीटर वाळूतून फोर बाय फोर. वाटेत 'ड्यून ४५' नावाच्या दुसऱ्या वाळूच्या डोंगरापाशी रमलो आणि बिग डॅडीला हात घालेपर्यंत साडेनऊ झाले. प्रत्येकाकडे दीड लिटर पाणी.

कोकणात मे महिन्यात घामाने सदरा भिजतो, तेव्हा पाणी प्यायची आठवण आपोआप होते. तिथली हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, कपड्यांवर फक्त मिठाचे पांढरे डाग उरतात. आपण किती सुकलोय ते कळत नाही. वाळू बुटांतून भाजत होती. निम्म्याहून वर गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, थंडी वाजतेय गं." भर उन्हात त्याच्या हातावर काटा आला होता. मी म्हणाले, "आलंच रे, थोडंच राहिलंय." ते वाक्य मला आजही बोचतं. उन्हात थंडी वाजणं, डोकं ठणकणं, मळमळणं म्हणजे ऊन बाधलं. तिथल्या तिथे थांबायचं असतं. दहा मिनिटांनी त्याला उलटी झाली, तेव्हा कुठे मी मागे फिरले.

उतरायला वेळ लागत नाही. धारेवरून कुठूनही भुसभुशीत बाजूने घसरत गेलं की थेट डेडव्लेईत पोचता येतं. आम्हाला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण खाली सावली नाही! पांढऱ्या चिकणमातीचं वाळलेलं तळं आणि त्यात शेकडो वर्षांपूर्वी मेलेली काळी झाडं. वाळूच्या डोंगरांनी नदीचं पाणी अडवलं तेव्हा ती वाळली, आणि हवेत ओलच नसल्याने कुजलीही नाहीत. त्यांची सावली मनगटाएवढी. तिथून गाडीपर्यंत आणखी किलोमीटरभर वाळू तुडवायची होती आणि बाटलीत चार घोट उरले होते. दुसऱ्या एका गटाच्या गाईडने त्याच्याजवळचं पाणी भावाच्या मानेवर, डोक्यावर ओतलं, उरलेलं घोटाघोटाने पाजलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हा डिसेंबरात जाणारच असाल, तर मुक्काम फाटकाच्या आतच करा. आतल्यांना सूर्योदयाआधी तासभर सोडतात आणि तो एक तासच सगळं ठरवतो. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या, त्यातलं एक लिटर डेडव्लेईपासून गाडीपर्यंतच्या वाटेसाठी राखून ठेवा. सोबत ओआरएसची पाकिटं, रुंद काठाची टोपी, बंद बूट. पहाटे अनवाणी चढणारे दिसतील, त्यांचं बघून बूट गाडीत ठेवू नका. नऊ वाजले की जिथे असाल तिथून खाली, माथा दहा पावलांवर असला तरी. ही वेळ निघण्यापूर्वीच सोबत्यांशी बोलून ठरवा, वर गेल्यावर डोकं तेवढं थाऱ्यावर नसतं.

आतला मुक्काम मिळाला नाही तर माथ्याचा नाद सोडा आणि सकाळीच चालत डेडव्लेई बघून या. खालून दिसणारी ती लालकेशरी भिंतही डोळे भरून बघण्यासारखी आहे.