धरणाच्या भिंतीवरचा दाब कशावर ठरतो?

प्रश्न : उजनीचा जलाशय पार पुणे जिल्ह्यापर्यंत पसरलेला आहे. एवढ्या लांबवरच्या पाण्याचा रेटा धरणाच्या भिंतीवर येत नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : येत नाही. स्थिर पाण्यात एखाद्या बिंदूवरचा दाब तो बिंदू पृष्ठभागापासून किती खोल आहे यावर ठरतो, जलाशयाच्या लांबी-रुंदीवर नव्हे. लांबवरच्या पाण्याचे वजन त्याच्या खालची जमीनच पेलत असते. हे प्रथमदर्शनी पटत नाही, पण डच अभियंता सायमन स्टेव्हिन याने १५८६ मध्येच ते मांडले होते. खोली एक मीटरने वाढली की दाब सुमारे ९.८ किलोपास्कलने वाढतो. भिंतीवरचे एकूण बल मात्र याहून झपाट्याने वाढते, कारण खोलीबरोबर सरासरी दाब आणि भिजलेले क्षेत्रफळ ही दोन्ही वाढतात. सरळ उभ्या भिंतीपुढील पाण्याची खोली दुप्पट झाली, तर तिच्या प्रत्येक मीटर लांबीवरचे बल चौपट होते. धरणाचा पाया रुंद ठेवण्यामागे हे एक मोठे कारण आहे. सोलापुरातल्या घरांवरील टाक्यांनाही हाच नियम लागू पडतो : नळ बंद असताना त्यातील दाब टाकी मोठी केल्याने नव्हे, उंच ठेवल्याने वाढतो.