जोडी फुटली तर?

“ताई, उद्या तो मुलगा सोडून गेला तर आमच्या मुलीनं काय करायचं?”

बॅडमिंटनमध्ये डबल्स खेळणाऱ्या मुलांचे आईवडील हे विचारतात, आइस डान्सवाल्यांचे विचारतात आणि पेअर स्केटिंगवाल्यांचे, म्हणजे बर्फावर जोडीनं उड्या आणि लिफ्ट करणाऱ्यांचे, तर हमखास. आधी पहाटे पाचला उठण्याचं वर्णन येतं, मग खर्चाचं, मग आवाज जरा खाली येतो आणि हे वाक्य. मी समुपदेशक आहे. आमच्या इथे कॅनडातल्या ऑन्टॅरियोत आलेल्या एका मराठी कुटुंबाच्या निमित्तानं त्याचं उत्तर लिहिते. त्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मुलीला घरात धाकटी म्हणतात, इथेही तेवढंच पुरे.

धाकटी पंधरा वर्षांची, पेअर स्केटिंगमधला जोडीदार अठराचा, दोन वर्षं एकत्र. आईची तक्रार अशी की थ्रो डबल सालकाव (जोडीदाराच्या जोराची मदत घेऊन मारलेली दोन फेऱ्यांची उडी) आधी दहापैकी सात वेळा नीट उतरायचा, आता दोन वेळा उतरला तरी खूप. “कोच म्हणतात ती बिचकते. तुम्ही तिचा कॉन्फिडन्स वाढवून द्या.”

दळण टाकावं तशी ही मागणी माझ्याकडे येते. मी आधी विचारते, पडते तेव्हा नेमकं काय होतं?

थ्रो बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मुलगा मुलीला उचलून भिरकावतो. प्रत्यक्षात उडी तिचीच असते. सालकावमध्ये ती डाव्या पायाच्या ब्लेडच्या आतल्या कडेवर मागे घसरत येते, मोकळा उजवा पाय वळून पुढे येतो आणि त्याच क्षणी तिचा उठाव आणि त्याचा जोर एकत्र लागावा लागतो. मग हवेत दोन फेरे आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, पाठमोरं, एकटीनं उतरणं. एकटीच्या उडीपेक्षा ही उंचही जाते आणि लांबही, त्यामुळे आपटणंही त्याच हिशेबात. अशी दुखरी मांडी घेऊन धाकटी माझ्यासमोर दोन बैठका बसली आणि दोन्ही वेळा एकच म्हणाली, “मी जास्त फोकस केलं पाहिजे.”

तिसऱ्या वेळी तिला सरावाचा व्हिडिओ आणायला सांगितला. मला उड्यांतलं फारसं कळत नाही, म्हणून मी चित्राकडे कमी आणि आवाजाकडे जास्त लक्ष दिलं. ब्लेडची खरखर, धप्प, आणि लगेच “सॉरी”. अकरा मिनिटांत चौदा सॉरी. तेरा तिचे, एक त्याचा. पुन्हा लावून एकेकापाशी थांबवत गेले.

“हा सॉरी कशाबद्दल?”

“पडले म्हणून.”

“आणि हा? इथे तर अडखळला तो.”

ती थोडी हसली. “तो काही बोलत नाही. मग मीच म्हणते.”

“नाही म्हटलंस तर?”

“त्याला वाटेल मी त्याला ब्लेम करते.”

“वाटलं तर?”

“जाईल तो.”

“गेला तर?”

इथे ती बराच वेळ गप्प होती. स्वेटरच्या बाहीतला एक धागा ओढत राहिली. “त्याचा बर्फाचा, म्हणजे रिंकचा, खर्चपण आईबाबाच देतात. मला माहितीये. ते किचनमध्ये बोलतात.” आणि मग अगदी सहज, जणू काही महत्त्वाचं नाहीच अशा सुरात म्हणाली, “म्हणून मी ना मावशी, थ्रोला थोडी आधीच उडते. त्याला मी जड नको व्हायला.”

मी व्हिडिओ बंद केला. जे शोधत होतो ते या एका वाक्यात होतं.

ती मदत म्हणून पापणी लवण्याएवढा वेळ आधी उडत होती. त्यामुळे त्याचा जोर लागायचा तेव्हा तिचा पाय बर्फावरून सुटलेला असायचा. वर जाण्याऐवजी तिला बाजूनं धक्का बसायचा, अंग तिरकं व्हायचं, आणि तिरक्या अंगानं दोन फेरे पूर्ण झाले तरी उतरताना तोल कडेवर येत नाही. पुढच्या आठवड्यात कोचनी तो भाग संथ करून पाहिला आणि म्हणाले, बरोबर आहे. इतके दिवस ते तिला “थांब, थांब” म्हणत होते, पण ती का थांबत नाही हे बर्फावर दिसण्यासारखं नव्हतंच. थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

म्हणजे आईवडिलांना ज्याची धास्ती होती तीच धास्ती मुलीच्या पायात उतरली होती. या घरांतली मुलं मराठी बोलतात कमी, पण त्यांना कळतं सगळं. ओट्यापाशी हळू आवाजात झालेले हिशेब तर आधी कळतात.

“जड” हा शब्द मात्र मी तिथेच सोडून दिला नाही. जेवणाचं विचारलं, तेव्हा कळलं की शाळेतला डबा चार महिने अर्धा परत येत होता. पाळी तीन महिने आलेली नव्हती. आईला वाटलं सरावामुळे होत असेल. हे समुपदेशनाचं काम नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. सरावाच्या मानानं खाणं कमी पडलं की पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, बारीकसारीक दुखणं महिनोन्‌महिने हटत नाही. लिफ्टमध्येही, म्हणजे मुलगा मुलीला वर उचलून धरतो तेव्हाही, जड होणं वजनकाट्यापेक्षा वेळेवर ठरतं. मुलीनं स्वतः उसळी घेतली, हात ताठ ठेवून त्याच्या तळहातांवर खाली रेटा दिला, तर ती वर जाते. कोपर वाकला की तेवढ्याच वजनाचं पोतं होतं. तेरा ते सोळा या वयात उंची वाढते, तोल बदलतो आणि जमलेल्या लिफ्ट महिना-दोन महिने बिघडतात. तेव्हा लिफ्ट जमिनीवर, गादीवर, साधे बूट घालून पुन्हा बसवायच्या असतात. डबा कमी करायचा नसतो.

पुढच्या बैठकीला तो मुलगा आला. आडदांड, लाजरा, खाली बघून बोलणारा. इंग्रजीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा: “प्रत्येक वेळी ती सॉरी म्हणते तेव्हा मला वाटतं, पाडलं मी आणि माफी ती मागतेय. मग मला बोलताच येत नाही.” लिफ्ट फसली तर मुलानं स्वतः खाली जाऊन मुलीला अंगावर झेलायचं, हे या मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. थ्रोमध्ये ते करता येत नाही. हात सोडला की नुसतं बघायचं. तिची भीती सगळ्यांना माहीत होती, त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मी दोघांना एकच नियम दिला. दोन आठवडे बर्फावर सॉरी बंद. पडल्यावर उठायचं आणि प्रत्येकानं स्वतःच्या शरीराबद्दल एक वाक्य बोलायचं. “मी लवकर उडाले.” “माझा उजवा हात खाली राहिला.” “माझी कड सपाट झाली.” दुसऱ्याबद्दल बोलायचं नाही, “छान होतं, चल परत” असंही म्हणायचं नाही. पहिले तीन दिवस दोघांना हसू येत होतं. चौथ्या दिवशी त्याला कळलं की ती लवकर उडते आणि तिला कळलं की ती लवकर उडते म्हणून तो जोर आणखी घाईत लावतो. सातावर आकडा परत यायला सहा आठवडे लागले. मध्ये एक आठवडा तर पूर्वीपेक्षा वाईट गेला, तेही सांगितलं पाहिजे.

आता पालकांचं. आई म्हणाल्या, “पण जोडी टिकलीच पाहिजे हो.” मी त्यांना त्या वाक्यातला ‘च’ काढून म्हणायला लावलं. जोडी टिकली पाहिजे. टिकली तर बरं. चेहरा आणि खांदे दोन्ही बदलतात, करून पाहा. माझं सगळं काम या एका अक्षराभोवती फिरतं असं माझे सहकारी चेष्टेनं म्हणतात.

मग व्यवहार. या खेळात मुलगे कमी असतात, म्हणून मुलीच्या घरच्यांनी त्याचा खर्च उचलणं नवीन नाही. पण ते मोघम ठेवलं की उपकार होतो, आणि उपकाराखाली कुणाला खरं बोलता येत नाही. कागदावर लिहा: बर्फाचे तास, कोच, कोरिओग्राफर, स्पर्धेचा प्रवास यातलं कोण काय देणार. बूट, ब्लेड, धार लावणं ज्याचं त्यानं. करार एका मोसमाचा. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचा मोसम १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतो, आणि जोड्या बहुधा वसंतात, राष्ट्रीय स्पर्धा उरकल्यावर बदलतात. सोडायचं असेल तर किती आठवडे आधी सांगायचं तेही लिहा. धाकटीच्या बाबांना हे लग्नाच्या याद्यांसारखं वाटलं. वाटू दे.

सरावानंतर गाडीत उलटतपासणी नको. घरी पोचेपर्यंत स्केटिंगचा विषय मुलीनं काढला तरच. डोकं आपटलं तर “बरी आहे मी” यावर विश्वास ठेवू नका. त्या दिवशी बर्फावर परत नाही. ऑन्टॅरियोत २०१८ मध्ये डोक्याच्या दुखापतींबद्दलचा रोवन्स लॉ हा कायदा झाला, तो एका शाळकरी रग्बी खेळाडूच्या मृत्यूनंतर. २६ वर्षांखालच्या खेळाडूंनी आणि १८ खालच्यांच्या पालकांनी मेंदूच्या दुखापतीची माहिती दरवर्षी वाचायची असते. बहुतेक जण न वाचता टिक करतात. वाचा. आणि परक्या मुलाचा, कोचचा स्पर्श ही काळजी मनात असेल तर ती कुजबुजत ठेवू नका. कुठल्या लिफ्टला हात कुठे लागणार हे कोचकडून सगळ्यांसमोर ठरवून घ्या. बंद खोलीत एकटी मुलगी आणि एक मोठा माणूस, असं कधीच नाही. कॅनडातल्या क्लबांना हा नियम माहीत असतो, विचारायला लाजू नका.

आणि मूळ प्रश्न? फुटते जोडी. पुष्कळ फुटतात. पेअर स्केटिंगमध्येच बघा, इरिना रोडनिनानं १९७२ चं ऑलिंपिक सुवर्ण एका जोडीदाराबरोबर घेतलं, १९७६ आणि १९८० चं दुसऱ्याबरोबर. अल्योना सावचेन्कोला २०१० आणि २०१४ ला कांस्यपदकं मिळाली. नंतर नव्या जोडीदाराबरोबर २०१८ ला, चौतिसाव्या वर्षी, सुवर्ण. जपानचा रियुइची किहारा दोन जोडीदार झाल्यावर २०१९ मध्ये रिकू मिउराबरोबर उभा राहिला, आणि ते २०२३ आणि २०२५ चे विश्वविजेते. डियाना स्टेलाटो-ड्यूडेकनं तर एकेरीतून निवृत्त होऊन सोळा वर्षं खेळच सोडला होता. २०२४ मध्ये माँट्रियलला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती जोडीत जगज्जेती झाली. ही शिखरावरची माणसं, त्यांच्यावरून आपल्या मुलीचं भाकीत करू नये. पण जोडीदार गेल्यावर काय उरतं हे त्यांच्यावरून दिसतं. कडांवरचं प्रभुत्व, स्पिन, थ्रोवरून उतरणं, लिफ्टमध्ये अंग घट्ट धरणं, हे मुलीचं स्वतःचं असतं. जातं ते दोघांचं टायमिंग. ते पुन्हा बसवायला वर्ष-दीड वर्ष धरा. म्हणून एकेरीच्या परीक्षा आणि शाळेचे क्रेडिट, दोन्ही मागे पडू देऊ नका.

धाकटीचा जोडीदार मोसम संपल्यावर खरंच गेला. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, दुसऱ्या शहरात. ठरल्याप्रमाणे आठ आठवडे आधी सांगून गेला. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी पहाटे रिंकवर एकटीच होती.

नव्या मुलांची चाचणी घ्यायची म्हणून तिनं प्रश्नांची यादी केली आणि मला पाठवली. पहिला: तू कुठल्या बाजूला फिरतोस? (दोघांची फिरण्याची दिशा वेगळी असेल तर पुढचं सगळं अवघड, म्हणून हाच पहिला.) दुसरा: बर्फाचे पैसे कोण देणार? तिसरा: पडल्यावर तू काय बोलतोस?

संध्याकाळी आईंचा फोन आला. “ताई, यादीत उंची कुठेच नाहीये. वर घालायला सांगू का तिला?”

म्हटलं, चौथी घाला.