सार्वमताआधी स्वातंत्र्य मागणाऱ्यांपुढं कोणत्या अडचणी येतात? स्कॉटलंडच्या उदाहरणावरून सांगाल का?

अडचण एकच, बाकी सगळी तिची पिल्लं. जो वेगळा होतो म्हणतो त्याच्याकडून उद्याचा पै-पैचा हिशेब मागतात आणि जो राहू म्हणतो त्याला कुणी काही विचारत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. 18 सप्टेंबर 2014 ला, स्कॉटलंडनं ब्रिटनपासून वेगळं व्हावं का, या सार्वमतात मी मत दिलंय, भारताच्या पासपोर्टवर. तिथं राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मत होतं, लंडनला नोकरीला गेलेल्या अस्सल स्कॉटिश माणसाला नव्हतं. ओळखपत्र नाही, बोटाला शाई नाही. नाव-पत्ता सांगितला, पेन्सिलीनं फुली मारली, बाहेर आले.

आम्ही ग्लासगोत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. तळमजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला वेगळं व्हा म्हणणारे अ‍ॅलेक्स सॅमंड आणि राहा म्हणणारे अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांची टीव्हीवर पहिली जुगलबंदी झाली. डार्लिंगनी एकच मुद्दा धरून ठेवला, पौंड नाही मिळाला तर पुढं काय? पौंडात भागीदारी मिळणार नाही, हे ब्रिटनचे अर्थमंत्री ऑस्बोर्न फेब्रुवारीतच एडिंबरात येऊन सांगून गेले होते. सॅमंड काही धड उत्तर देईनात.

दुसऱ्या दिवशी मी चकल्या घेऊन खाली गेले. स्वेटरवर ‘येस’चा, म्हणजे वेगळं व्हायच्या बाजूचा, बिल्ला. आजींनी आधी बिल्ला बघितला, मग चकल्या. म्हणाल्या, “माझं पेन्शन कशात देणार?”

माझ्याकडं स्कॉटलंडच्या सरकारची, वेगळं झाल्यावर काय होईल ते सांगणारी श्वेतपत्रिका होती, सहाशेच्या वर पानं. धावत वर जाऊन आणली. पेन्शन वेळेवर आणि पूर्ण मिळेल, हे बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी चकली मोडली, चहात बुडवली. “वेळेवर मिळेल ते कळलं गं. कशात?” माझी बोलतीच बंद. मग त्या अगदी सहज म्हणाल्या, “हे फसलं तर तुला परत जायला घर आहे. मला कुठलं?”

मला राग आजींचा आला नाही. मिरजेचा आला.

2008 साली आम्ही वेगळी चूल मांडायची म्हणालो होतो. थोरल्या दिरांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि सुरू केलं. बोअरची मोटर कुणाची? दूधवाल्याचं खातं कुणाच्या नावावर? सासूबाईंच्या गोळ्या कोण आणणार? लाइटबिल कसं वाटणार? आमचे हे मान खाली घालून बसले. तेव्हा एकानंही विचारलं नाही, की एकत्र राहिलो तर पाच वर्षांनी काय होणार आहे. आणि आम्ही डगमगतोय असं दिसताच दादांनी शब्द टाकला, “राहा, वरची खोली बांधून देतो.” आम्ही राहिलो. 2011 ला ग्लासगोला निघालो तेव्हा वर पत्राच होता.

म्हणून 16 सप्टेंबरच्या ‘डेली रेकॉर्ड’वर कॅमेरॉन, मिलिबँड आणि क्लेग या ब्रिटनच्या तीन मोठ्या पक्षांच्या नेत्यांच्या सह्यांचं वचन बघितलं, राहा, जास्त अधिकार देऊ, तेव्हा मला हसू आलं. त्याच्या आठवडाभर आधीच आरबीएस आणि लॉइड्स या बँकांनी, वेगळे झालात तर नोंदणी इंग्लंडात नेऊ, असं सांगून टाकलं होतं. मोठ्या पेपरांपैकी एक ‘संडे हेराल्ड’ काय तो ‘येस’च्या बाजूनं. निकाल लागला ‘येस’ 44.7 टक्के, ‘नो’ 55.3. आमचं ग्लासगो ‘येस’ म्हणालं होतं, पण त्यानं काय होतंय.

आणि राहण्याचा हिशेब? युरोपीय संघात राहायचं तर ब्रिटनसोबत राहा, हे तेव्हाचं एक मोठं कारण होतं. 2016 ला ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटननं त्या संघातून बाहेर पडायचं का याचं, मतदान झालं, स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोक युरोपच्या बाजूनं होते, तरी बाहेर पडावं लागलं. हा प्रश्न 2014 ला ओसरीवर कुणी मांडला होता?

तरी ‘येस’वाल्यांची चूक मी झाकणार नाही. स्वतःचं नाणं काढू, पहिली काही वर्षं जड जातील, असं सरळ सांगायला हवं होतं. आजींनी तेव्हाही ‘नो’च म्हटलं असतं म्हणा, पण निदान मला खाली मान घालून जिना चढावा लागला नसता.

परवानगी ही आणखी एक अडचण. 2014 च्या सार्वमतासाठी लंडननं ती आधी करार करून दिली होती. 2022 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्कॉटिश संसदेला आपल्या अधिकारात दुसरं सार्वमत घेता येणार नाही. वेगळं व्हायचं की नाही हे विचारायलासुद्धा थोरल्यांची परवानगी.

एक राहिलं. हे सगळं जिथं बंदुका नाहीत तिथलं. इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरमध्ये 1999 ला सशस्त्र टोळ्यांनी मतदानाआधीपासून लोकांना धमकावलं होतं, तरी 78.5 टक्के लोक स्वातंत्र्याच्या बाजूनं गेले. त्यांच्यापुढं माझी मोटर आणि लाइटबिल काढायची लाज वाटते. आणि हो, सह्यांचं ते वचन अगदीच हवेत गेलं नाही. 2016 च्या कायद्यानं स्कॉटलंडला आयकराचे दर ठरवायचे बरेच अधिकार मिळाले, म्हणजे त्यांची खोली निदान विटांपर्यंत आली.

दादा, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. मोटर कुणाच्या नावावर आहे, ते एकदा सांगून टाका.