लेबल नसलेल्या, परदेशात राहणाऱ्या आफ्रिकन रॅपरचं पोट कशावर चालतं?

तुमचा घानाचा वर्गमित्र लंडनमध्ये एमएससी करता करता रॅप करतो, लेबल (गाण्यात पैसे घालून ती बाजारात आणणारी कंपनी) नाही, आणि यावर पोट भरेल का, सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

भरू शकतं. पण गाण्याच्या आधी व्हिसा बघा. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही आणि एंटरटेनर म्हणून कामही करता येत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची जी मुभा असते ती इतर नोकरीसाठी. म्हणजे पबमध्ये दोन गाणी म्हणून रोख पन्नास पाउंड खिशात घातले, तरी तो नियमभंगच. कोर्स संपून ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा) मिळाला की स्वयंरोजगाराची वाट मोकळी होते. तोवर गाणी रेकॉर्ड करून ठेवा, कागद जमवा. विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला विचारल्याशिवाय गाणी विक्रीला लावू नका.

सर्वात जास्त घोळ बीटमध्ये, म्हणजे रॅपमागच्या तयार संगीतात होतो. नवखा रॅपर नेटवरून बीट ‘विकत’ घेतो. प्रत्यक्षात तो ती लीजवर, म्हणजे अटी घालून फक्त वापरायला घेतो. लीजमध्ये स्ट्रीमची कमाल मर्यादा असते, मुदत असते, आणि तीच बीट आणखी पन्नास जणांकडे असू शकते. त्या बीटवरचं गाणं डिस्ट्रिब्युटरकडे (ॲपवर गाणी पोचवणारी सेवा) चढवताना यूट्यूबच्या कंटेंट आयडीच्या (सारखा आवाज आपोआप ओळखणारी यंत्रणा) चौकटीत टिक केली, की त्या पन्नास जणांच्या व्हिडिओंवर आपोआप दावे लागतात. प्रोड्युसर तक्रार करतो, आणि गाणं ऐन चालायला लागल्यावर खाली उतरतं. तेव्हा ज्या गाण्यावर भिस्त आहे त्याची बीट एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त स्वतःसाठी घ्या किंवा प्रोड्युसरसोबत बसून बनवा. स्टुडिओतून उठायच्या आधी स्प्लिट शीटवर (कोणाचा वाटा किती, त्या कागदावर) सह्या घ्या: रचनेत, म्हणजे शब्द-संगीतात, प्रोड्युसर ५० टक्के, रॅपर ३५, हुक (परत परत येणारी ओळ) लिहिणारी १५, जे काही ठरेल ते, बेरीज १००. मास्टरची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी कोणाची, ते वेगळ्या ओळीत. हे दोन हक्क वेगळे आहेत, आणि लेबल नसण्याचा खरा फायदा म्हणजे मास्टर स्वतःच्या नावावर राहतं. त्यावर पाणी सोडलं तर मग लेबलच काय वाईट होतं?

घानाच्या मुलांसाठी एक जादा सूचना. जुन्या हायलाइफची (घानाचा लोकप्रिय संगीतप्रकार) गिटार उचलायचा मोह सगळ्यांनाच होतो. सॅम्पल, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचाच तुकडा घेतला तर रेकॉर्डिंग आणि रचना, दोन्हींची परवानगी लागते. तीच धून नव्याने वाजवून घेतली तरी रचनेची लागतेच. शिवाय घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात लोककला राष्ट्राध्यक्षांकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून ठेवलेली आहे. तिच्या व्यावसायिक वापरासाठी नॅशनल फोकलोअर बोर्डाकडे अर्ज करून शुल्क भरावं लागतं, आणि यातून घानाचे नागरिकही सुटत नाहीत. ‘आमच्या आजीचं गाणं आहे’ हा बचाव तिथे उपयोगी नाही.

आता नोंदणी. डिस्ट्रिब्युटर स्पॉटिफाय, ॲपल, ऑडिओमॅक, बूमप्लेवर गाणं पोचवतो आणि रेकॉर्डिंगचे पैसे आणून देतो. अनेकांना वाटतं झालं सगळं. नाही. शब्द-संगीताच्या सादरीकरणाचे पैसे ब्रिटनच्या पीआरएस या हक्कसंस्थेकडून येतात, ऑनलाइन मेकॅनिकलसाठी (रचनेची प्रत बनण्याचे पैसे) त्यासोबत एमसीपीएस ही संस्था. रेडिओवर रेकॉर्डिंग वाजल्याचे पीपीएल या तिसऱ्या संस्थेकडून, आणि तिथे परफॉर्मर व हक्कधारक अशा दोन्ही रूपांत नाव नोंदवायचं. एकच भरलं तर उरलेला वाटा तिथेच पडून राहतो. अमेरिकेतल्या डिजिटल रेडिओचे पैसे साउंडएक्स्चेंज वाटतं: ५० टक्के हक्कधारकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांच्या निधीला. घानात आधीच घॅम्रो या तिथल्या हक्कसंस्थेचा सभासद असेल, तर तीच गाणी पीआरएसमध्ये घालण्याआधी प्रदेशांची वाटणी लेखी करून घ्या. दुहेरी दावा आला की दोन्हीकडचे पैसे अडकतात.

बारीक वाटणारी पण महागात पडणारी गोष्ट म्हणजे स्पेलिंग. घानातल्या ट्वी भाषेत उघडा ए आणि उघडा ओ यांची वेगळी अक्षरं आहेत. गाण्याचं नाव डिस्ट्रिब्युटरकडे त्या अक्षरांत आणि पीआरएसमध्ये साध्या रोमनमध्ये दिलं, तर जुळणी हुकू शकते. पीआरएसच्या फॉर्ममध्ये पर्यायी शीर्षकाची जागा असते, तिथे दोन्ही रूपं टाका. प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी कोड (त्याचा ओळख क्रमांक) जपून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलताना नवा कोड पडला तर जुन्या स्ट्रीमचे आकडे सोबत येत नाहीत. वार्षिक फीवाल्या काही सेवांत तर फी चुकली की गाणीच उतरतात.

स्ट्रीमिंगच्या पैशाबद्दल फार आशा नको. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. त्यावर झाले तरी श्रोता कुठला, यावर हिशोब फिरतो. नायजेरिया किंवा घानात वर्गणी स्वस्त, म्हणून तिथला स्ट्रीम ब्रिटनमधल्यापेक्षा कमी देतो. गावाकडे गाजलेलं गाणं लंडनचं भाडं भरत नाही ते यामुळे. पण तिथल्या गाजण्यावर डिसेंबरमध्ये अक्राचे कार्यक्रम मिळतात. परदेशस्थ घानावासी त्याच महिन्यात सुट्टीला घरी येतात, तेव्हा ते आकडे फुकट समजू नका. रिलीजच्या किमान ७ दिवस आधी स्पॉटिफायच्या कलाकार-खात्यातून गाणं पिच करा, म्हणजे त्यांच्या प्लेलिस्टसाठी सुचवा. मी तर चार आठवडे ठेवा म्हणेन.

खरा पैसा बाजूने येतो. मॅनिफेस्ट हा घानाचा रॅपर मिनेसोटात शिकायला होता. पेप्सीच्या रेडिओ जिंगलमधून आलेल्या पैशांवर त्याने २००७ मध्ये पहिला अल्बम काढला, आणि नंतर अक्राला परतला. अक्राचाच सॅम्युअल बाझावुले, म्हणजे ब्लिट्झ द ॲम्बॅसेडर, अमेरिकेत स्वतःचं लेबल काढून रॅप करत राहिला आणि पुढे दिग्दर्शनाकडे वळला. जिंगल, जाहिरातीसाठी गाण्याचा परवाना, कार्यशाळा, कार्यक्रमाच्या दारातले टी-शर्ट हे सगळं धरूनच उत्पन्न मोजा.

अमेरिकी पैशातून न सांगता ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. तो टाळायला किंवा कमी करायला डब्ल्यू-८बेन हा अमेरिकेचा कर-फॉर्म भरतात. इथे पासपोर्ट नाही, कर-रहिवास बघतात. घानाचा अमेरिकेशी कर-करार नाही, पण ब्रिटनचा कर-रहिवासी असलेला घानाचा माणूस ब्रिटनच्या करारानुसार रॉयल्टीवर शून्य टक्के मागू शकतो. (मुंबईतून काम करणाऱ्या मराठी रॅपरला भारताच्या करारातला दर लागतो, तो शून्य नाही.) फॉर्म सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरपर्यंत चालतो. तारीख कॅलेंडरमध्ये घाला. ब्रिटनमध्ये वर्षाला १,००० पाउंडांपेक्षा जास्त ढोबळ उत्पन्न झालं की सेल्फ असेसमेंटसाठी (स्वतः कर-विवरण भरायची पद्धत) नोंदणी करावी लागते.

युरोपात कार्यक्रम मिळाला तर लंडनचा रहिवास पुरत नाही. घानाच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, म्हणून तारीख पक्की होताच आयोजकाकडून सही-शिक्क्याचं निमंत्रण, मानधन आणि राहण्याची सोय लिहिलेलं मागवा. मानधनावर काम करायची परवानगी प्रत्येक देशाची वेगळी, तीही त्यांच्याकडूनच लेखी घ्या. जर्मनीत एका कार्यक्रमाचे २५० युरोंहून जास्त मिळाले तर आयोजक अधिभारासह १५.८२५ टक्के कापतो. करारात ‘निव्वळ’ की ‘ढोबळ’ ते लिहून घ्या, आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मागा. ब्रिटनच्या करात त्याची वजावट मागताना पुरावा म्हणून तेच लागतं, आणि वर्षभराने आयोजक फोन उचलत नाही.